तांबडा समुद्र, नुसता समुद्र

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेला, बायबलमधलं पहिलं वाचन मी करतो. गावात मला मान मिळतो तो वर्षातून तेवढाच वेळ. बाकी वर्षभर मी पंपवाला. रेवदंड्यासमोर, खाडीच्या अलीकडे आमचं गाव. पूल ओलांडला की रेवदंडा, पुढे चौल, आणि चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधले पाण्याचे पंप बंद पडले की लोक मला फोन करतात. पंप दुरुस्त झाला तरी लगेच निघता येत नाही. तो पाणी धरतोय की नाही, हे बघत थोडा वेळ थांबावं लागतं. त्या घरघरीत मी वाचनाचा सराव करतो. एका वाडीवाल्याने एकदा विचारलं होतं, "पंपाला मंत्र म्हणता काय?" मी हो म्हणालो. त्याचा पंप अजून चालू आहे.

बायको म्हणायची, "देवाने तुम्हाला आवाज वाचायला दिला आहे, तो तुम्ही चुकून बोलायलाही वापरता." तिचं खरं होतं. बोलण्यात मी कायम घसरत आलो. वाचताना मात्र पुढची ओळ समोर छापलेली असते, त्यामुळे तिथे घसरायची भीती नाही.

नाताळचं ते वाचन यशया संदेष्ट्याचं. अंधारात चालणाऱ्या लोकांना उजेड दिसतो, आणि आपल्याला एक बाळ झालं आहे, असं सांगणारं. माझ्यासारख्याला त्यातली एक बारीक गोष्ट माहीत असते, बाकीच्यांना तिच्याशी देणंघेणं नाही. नाताळला हा उतारा अंधारापासून सुरू होतो. पण दर तीन वर्षांनी जानेवारीतल्या एका रविवारी तोच उतारा एक ओळ आधीपासून वाचतात, आणि त्या ओळीत समुद्राची वाट येते. वाचायला उभं राहिलं की डाव्या हाताच्या दारातून आमचा समुद्र दिसतो. यशयाचा समुद्र गालीलकडचा, हे मला कळतं. मी काही अगदीच अडाणी नाही. पण ती ओळ आली की मान आपोआप दाराकडे वळते. लहानपणी वडील वाचायचे, त्यांचीही वळायची. पुस्तकात नुसतं समुद्र म्हटलेलं आहे, कुठला ते नाही, तेव्हा तो आपलाच, असं आमच्या घरात धरून चाललेलं.

मुलगी एकुलती. नर्सिंग अलिबागला, मग मुंबई, मग आखात, मग अमेरिका. दर वेळी नोकरी मोठी होत गेली आणि फोन छोटा होत गेला. तिची आई वारली तेव्हा ती आली, पंधरवडाभर राहिली, फ्रीजमध्ये डबे भरून ठेवले आणि गेली. मी ते डबे फार हळूहळू खाल्ले. शेवटच्या डब्यातली कोळंबी खाण्यासारखी राहिली नव्हती, तरी खाल्ली. त्या रात्री पोटात दुखलं तेव्हा हाक मारायला घरात कोणी नाही, हे पहिल्यांदा नीट कळलं.

मग एका रविवारी तिचा फोन आला.

"पप्पा, मी बाप्तिस्मा घेतला."

"तुझा झालेला आहे. मी तिथेच होतो. फादरांनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तू त्यांच्या चष्म्याला हात घातलास."

"तो इथे धरत नाहीत, पप्पा."

"इथे म्हणजे?"

तिने सांगितलं. तिथे एक मुलगा होता, त्याच्याबरोबर ती त्यांच्या प्रार्थनेला जाऊ लागली, मग स्वतःहून जाऊ लागली. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, ते स्वतः दुसरं एक लांबलचक नाव सांगतात. ते नाव मला तिसऱ्यांदा सांगूनही पाठ झालं नाही. मी एवढंच विचारलं, "ख्रिस्त आहे का त्यांच्यात?"

"आहे की. नावातच आहे."

"आणि मरियामाता?"

"आहे. पण थोडी आहे."

थोडी आहे, हे मला रात्रभर पुरलं.

तिने तिकडून येणाऱ्या एका नर्सबरोबर पनवेलपर्यंत त्यांचं धर्मपुस्तक पाठवलं आणि मी एसटीने जाऊन ते आणलं. निळं, जाड, इंग्रजी. माझी मोठी बहीण दोन घरं सोडून राहते. मी तिला बाय म्हणतो. तिने ते पुस्तक मेलेलं झुरळ उचलावं तसं दोन बोटांत धरलं आणि आमच्या घरच्या जुन्या बोलीत, जिच्यात पोर्तुगीज शब्द अजून मीठ-मिरचीसारखे पडलेले असतात, दोन वाक्यं बोलली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

"बायबलशेजारी नको ठेवूस," ती म्हणाली.

"मग कुठे ठेवू?"

"पंपाच्या पान्यांत ठेव."

मी ते बायबलशेजारीच ठेवलं, फक्त मध्ये पंचांगाची एक वही उभी केली. आमच्या घरी पंचांग भरतीओहोटी बघायला लागतं.

फादरांना विचारलं. आमचे फादर तरुण आहेत, चहा चांगला करतात. ते म्हणाले, "आपल्यात सांगायचं ते देवाने सांगून झालं. शेवटचा प्रेषित गेला आणि ग्रंथ मिटला. अर्थ लावणं चालू राहतं, पानं वाढत नाहीत. त्यांच्यात ग्रंथ उघडाच आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने सांगितलं, की देवदूताने त्याला जमिनीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यावरचा मजकूर म्हणजे हे पुस्तक. त्यानंतर आणखी दोन आली."

"आणि आपलं बायबल?"

"ते मानतात. जिथवर भाषांतर बरोबर झालं आहे तिथवर, असं म्हणतात."

"म्हणजे घरात ठेवलं आहे, पण चावी दिलेली नाही."

फादर हसले. "आपणही कोणाला तरी जाड वाटतोच. प्रॉटेस्टंटांच्या बायबलपेक्षा आपल्यात सात पुस्तकं जास्त आहेत."

"ती मूळचीच आहेत ना, फादर?"

"आपण म्हणतो मूळची. ते म्हणतात जास्तीची. साखर घालू?"

माझं इंग्रजी पंपाच्या माहितीपत्रकापुरतं. तरी मी ते पुस्तक वाचायला घेतलं, कारण संध्याकाळी दुसरं करायचं काय. सुरुवातीला एक बाप आहे. येरुशलेम बुडणार असं त्याला कळतं, तो घरदार सोडून बायकोमुलांना घेऊन निघतो. मुलं धर्मग्रंथ कोरलेले पितळी पत्रे आणायला मागे जातात, मग सगळे जहाज बांधून समुद्रापार अमेरिकेला पोचतात. पुढे तिथे त्यांचे वंश, त्यांच्या लढाया, आणि मेलेल्यांतून उठल्यावर ख्रिस्त त्यांनाही भेटायला येतो. बायला मी हे जेवताना सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "जहाज इकडून नाही का गेलं? नवगावला पण आले होते की त्यांच्यातले." अलिबागकडच्या यहुदी लोकांची कथा आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या, जी माणसं वाचली त्यांना एक प्रार्थना तेवढी आठवत राहिली.

"ते वेगळे," मी म्हणालो.

"वेगळे कसे? आपल्याकडे आले ते बुडून आले. यांचे कोरडे पोचले. नशीब एकेकाचं."

त्या पुस्तकातल्या बापाला एक स्वप्न पडतं. एक झाड असतं, त्याचं फळ तो खातो, आणि इतकं गोड लागतं की तो लगेच मान वर करून घरची माणसं कुठे आहेत ते शोधू लागतो. काही येतात. दोन मुलं लांब नदीच्या काठाशी उभी राहतात, येत नाहीत. मी ते पान दोनदा वाचलं. आमच्या घरात बाप आणि मूल यांची उलटापालट झालेली होती. झाडाखाली उभी राहून ती हाक मारत होती, आणि मी लांब नदीच्या बाजूला, हातात पाना घेऊन, येतो-येतो म्हणत उभा. पुस्तक मिटून मी मासळी खारवायला मीठ आणायला गेलो. मीठ घरात होतं.

रविवारच्या फोनवर मी एकदा तिला तडक विचारलं, "आमचा साक्षीदार खोटा पडला म्हणून तुम्ही दुसरा आणला का?" हा दुसऱ्या साक्षीदाराचा शब्द तिनेच वापरला होता. बायबल ही ख्रिस्ताची एक साक्ष, हे पुस्तक दुसरी.

"नाही पप्पा. पहिल्याचं खरं आहे म्हणून दुसरा. मी काही सोडलेलं नाही. वाढवलंय."

"वाढवलं की आधीचं मागे सरकतं."

तिने ते तिथेच सोडलं. मग लग्नाचं बोलली. त्या मुलाशीच करणार होती. मी लगेच म्हणालो, कारण हे वाक्य माझ्या तोंडात कितीतरी दिवस तयार होतं, "लग्न इथे कर. आपल्या चर्चमध्ये. मला आणखी काही नको. वाचन मी करीन."

"विचार करते, पप्पा."

त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही. पंप पाणी धरतोय का बघताना सारखा हात लावायचा नसतो.

त्या वर्षीच्या नाताळला वाचन करून घरी आलो आणि सकाळी फोन बघितला, तर तिने आवाज पाठवला होता. फोटो नाही, मजकूर नाही, नुसता आवाज. "पप्पा, नाताळच्या शुभेच्छा. तुमचं वाचन." आणि पुढे तिने यशया वाचला. मराठीत. माझ्याच लयीत, जिथे मी थांबतो तिथे थांबून. लहान असताना ती पायरीवर बसून माझ्याबरोबर पुटपुटायची, तेव्हाचं तिच्या तोंडात राहिलं असणार. तिने नाताळची सुरुवात न घेता जानेवारीची घेतली, एक ओळ आधीची. आणि त्या ओळीत समुद्राच्या जागी तांबडा समुद्र म्हणाली. मी हसलो. पोर रात्रपाळी करून आली असेल, घसरली असेल. बापाचा गुण.

मी तो आवाज घरात फिरत फिरत ऐकला. स्वयंपाकघरात, ओटीवर, मागच्या दारी विहिरीपाशी. मला त्यात एकच अर्थ ऐकू आला. पोरगी परत आली. आपल्या पुस्तकाकडे आली, म्हणजे आपल्या चर्चमध्ये येणार, म्हणजे लग्न इथे. हे तिने कुठे म्हटलेलं नव्हतं. पण यशया वाचून दाखवायचं दुसरं कारण काय असू शकतं, हे मला त्या सकाळी कोणी फळ्यावर लिहून दाखवलं असतं तरी पटलं नसतं.

शेजारी एक कोळीण राहते. अंगणात बांबूच्या आडव्या काठीवर बोंबील वाळत घालताना तिने मला विहिरीपाशी एकट्याला हसताना बघितलं.

"काय रं पंपवाल्या, पानी लागलं का हिरीला?"

"मुलगी येते आहे. लग्न इथे करणार."

"व्हय? मंग बोंबलाची ऑर्डर आताच सांगून ठेव. ऐन वक्ताला माझ्याकडं न्हाय मिळायचं."

ती पहिली. मग बाय. बायने निळं पुस्तक कपाटातून काढलं, फडक्याने पुसलं आणि परत बायबलशेजारी ठेवलं, मधली वही काढून. जिंकलेल्या माणसाचा मोठेपणा. मग फादर. उपासाच्या काळात आमच्यात लग्नं लावत नाहीत, म्हणून तो सुरू व्हायच्या आधी फेब्रुवारीतला एक शनिवार त्यांनी माझ्यासाठी मोकळा ठेवला. "मुलीशी बोलून पक्कं सांगा," ते म्हणाले. मी म्हटलं, "पक्कंच आहे."

आणि मग चौल. माझ्या धंद्यात बातमी पसरवायला वेगळं काही करावं लागत नाही. पंप उघडला की मालक शेजारी उकिडवा बसतो. त्याला माझ्याकडून काहीतरी ऐकायचंच असतं, नाहीतर तो पंपाबद्दल विचारतो. मी त्या आठवड्यात वाडी वाडीत लग्न सांगितलं. एकाने मांडवासाठी झावळ्या देऊ केल्या. एकाने शहाळी. मी कोणालाच नको म्हटलं नाही. रात्री पडल्या पडल्या वाचनाचा विचार करायचो. लग्नात यशया वाचत नाहीत, पण मी फादरांना विचारणार होतो.

जानेवारी आला, आणि ते तिसरं वर्ष होतं. म्हणजे समुद्राच्या ओळीपासून वाचायचं वर्ष. शनिवारी सरावाला बसलो आणि मला गंमत सुचली. तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती कामावर निघत होती.

"अगं, उद्या समुद्रवालं वाचन आहे. तुझं नाताळचं ऐकलं ना, त्यात एक चूक केलीस. तांबडा समुद्र म्हणालीस. आपल्यात नुसता समुद्र आहे."

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"पप्पा, माझ्यात तांबडाच आहे."

"तुझ्यात म्हणजे?"

"माझ्या पुस्तकात. मी त्यातून वाचलं. मराठी माझं, शब्द तुमचेच आठवले तेवढे घातले. पण पान माझ्या पुस्तकातलं होतं."

मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो असं वाटलं.

"यशया आमचा आहे," मी म्हणालो.

"तो जहाजातून आला होता ना. ते पितळी पत्रे. त्यात यशया होता. म्हणून आमच्यातही आहे, एकामागून एक अध्याय. बरेचसे शब्दाला शब्द. मधेमधे थोडा फरक."

"फरक कशाला?"

"आम्ही म्हणतो, आमचा जुन्या पत्र्यावरून आलाय. तुमचे फादर म्हणतील, आमच्या माणसाने इंग्रजी बायबल बघून लिहिलं आणि मधे बदललं. त्यावर भांडता येईल, पप्पा. मी नाताळला भांडायला पाठवलं नव्हतं."

"मग कशाला पाठवलं?"

"तुमच्या कपाटात ते परकं वाटत असेल म्हणून. त्यात तुम्हाला तुमचं काहीतरी सापडावं म्हणून."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि लग्न?"

तिने गाडी सुरू केली नाही. लग्न त्यांच्या मंदिरात होणार होतं. मंदिरात त्यांच्यातलेच, तेही परवानगी असलेलेच आत जातात. आईबाप असले तरी बाहेर.

"बाहेर लग्न लावून मग आत जाता येतं," ती म्हणाली. "हल्ली पुष्कळजण तसं करतात. त्याच्या घरच्यांनी ते सुचवलंही. मला पहिलं आतच हवंय. त्याला नाही, मला. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

"मी आलो तर कुठे बसायचं?"

"बाहेर बाग आहे, पप्पा. छान आहे."

"बागा मी रोज बघतो," मी म्हणालो. हे बोलणं मी वाचलेलं नव्हतं, त्यामुळे घसरलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उभा राहिलो. समोर सगळं गाव, ज्याला मी लग्नाचं सांगून ठेवलेलं. ती ओळ आली. मी समुद्र म्हणालो, जसा लिहिला आहे तसा, नुसता. पण मान दाराकडे वळायची ती वळेना. कुठल्यातरी लांबच्या पुस्तकात त्या समुद्राला रंग आणि पत्ता मिळालेला होता आणि तो आमचा नव्हता. मी पुढची ओळ वाचली. लोकांना फरक कळला नाही. वाचणाऱ्याचं हेच आहे, तो कुठे अडकला ते बाकीच्यांच्या कानाला लागत नाही.

मिस्सा संपल्यावर फादरांना शनिवार मोकळा करायला सांगितला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. बायला सांगितलं तेव्हा ती आधी मला बोलली, मग मुलीला, मग माझ्या मेलेल्या बायकोला, आणि शेवटी वही परत दोन पुस्तकांच्या मधे उभी करून घरी गेली. चौलची फेरी सगळ्यात लांब. बातमी देताना पंप बिघडलेला असावा लागत नाही, परत घेताना मात्र काहीतरी निमित्त लागतं. मी उगाच वाडी वाडीत जाऊन व्हॉल्व्ह बघितले. झावळ्यावाला म्हणाला, "मग लग्न कुठे?" मी म्हटलं, "अमेरिकेत." "मग तुम्ही जाणार?" "बागेत बसायला बोलावलंय." तो मोठ्याने हसला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा विनोद केला.

कोळणीने एवढंच विचारलं, "मंग बोंबील कॅन्सल?"

"कॅन्सल."

"पोर सुखात हाय ना?"

"आहे म्हणते."

"मंग तोंड का असं? मी तुझी ऑर्डर दुसऱ्याला इकनार, त्याचं वाईट मला वाटाय हवं."

त्या महिन्यात मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून तो उतारा ताडून बघितला. वडिलांचं एक जुनं इंग्रजी बायबल होतं, ते तिसरं. पंपाचे सुटे भाग मांडतात तसे तिन्ही टेबलावर मांडले. समुद्राच्या ओळीत तिचं पुस्तक वेगळं. पण दोन ओळी पुढे एक गंमत सापडली. देवाने राष्ट्र वाढवलं असं तिथे आहे. वडिलांच्या जुन्या इंग्रजीत पुढे म्हटलंय, आनंद काही वाढवला नाही. आमच्या मराठीत आहे, आनंद वाढवला. तिच्या निळ्या पुस्तकातही, आनंद वाढवला. म्हणजे समुद्राला आमचं जमत नव्हतं, आनंदाला जमत होतं. मी हे सांगायला फोन हातात घेतला. मग घड्याळ बघितलं, ती झोपली असेल, आणि ठेवून दिला. नंतर सांगायचं राहिलंच.

मी गेलो नाही. व्हिसाचं कारण सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं. लग्नाच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला.

"मंदिरातलं झालं की संध्याकाळी जेवण आहे, त्याच्या घरी. सगळे असतील, आतले बाहेरचे. तुमच्याकडे सकाळ असेल. तुम्ही वाचाल?"

"काय वाचू?"

"तुमचं वाचन."

मी जरा विचार केला. "नाताळचं वाचतो. अंधारापासून. म्हणजे मधे समुद्र नको."

"नको पप्पा. जानेवारीचं वाचा."

त्या सकाळी मी पांढरा शर्ट घातला. नाताळचा. बायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "जिथे आपल्याला दाराच्या आत घेत नाहीत, तिथे मी फोनमधूनही जाणार नाही." पण तिने शर्ट इस्त्री करून पाठवला होता. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. आधी नुसतं छत दिसलं, मग ती. पांढऱ्या साडीत नव्हती, पांढऱ्या झग्यात होती. मागे पुष्कळ माणसं, सगळी गोरी, सगळी माझ्याकडे हसून बघत असलेली. काहींच्या मांडीवर निळं पुस्तक उघडं होतं. ते मराठीचा एक शब्द न कळता इंग्रजीत माझ्या मागे मागे येणार होते.

मी उभा राहिलो. घरात एकट्याने उभं राहून वाचायला विचित्र वाटतं. मांजर उठून बाहेर गेलं. मी समुद्राची ओळ वाचली, नुसता समुद्र म्हणालो, आणि त्या ओळीवर पडद्यावरची बोटं पुस्तकांवर सरकली. त्यांच्या बोटाखाली तांबडा होता. कोणी मान वर केली नाही. माझ्या मुलीने केली. ती ओठ हलवत होती, माझ्याबरोबर, पायरीवर बसून हलवायची तसे. तिच्या ओठांवर कुठला समुद्र आला ते मला दिसलं नाही. चित्र तेवढ्यात अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही दोघं आनंद वाढवण्यापाशी होतो.

वाचन संपल्यावर आमेन म्हणायचं नसतं, पण ते सगळे आमेन म्हणाले. जावई पुढे आला, लाजत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"विचारतोय, तुम्ही वाचलात तो तुमच्या घरापाशी आहे तो समुद्र का."

मी म्हटलं, "हो म्हणून सांग."

तिने सांगितलं. तो समजल्यासारखी मान हलवत राहिला. मग कोणीतरी तिला जेवायला हाक मारली, ती म्हणाली, "पप्पा, नंतर करते हां," आणि पडदा काळा झाला.

मी शर्ट बदलला नाही. घरात दुसरं काही करायचं नव्हतं. चौलहून फोन आला, एका वाडीत पंप पाणी ओढत नव्हता. पांढऱ्या शर्टातच गेलो. वाडीवाला म्हणाला, "आज काय, लग्नाबिग्नाला निघालात?"

"जाऊन आलो," मी म्हणालो, आणि पंप उघडला.